पाचशे खुर्च्या आणि साठ माणसं

पत्र:

आमची लघुउद्योजकांची व्यावसायिक संघटना आहे आणि मी तिच्या कार्यालयाची सचिव. गेल्या वर्षी आम्ही पहिल्यांदाच एक दिवसाची परिषद घेतली. प्रवेश मोफत होता. ३०० जणांनी नावं नोंदवली, प्रत्यक्ष आले १९०. उद्घाटनच पाऊण तास लांबलं, मग पुढचं सगळं घसरत गेलं आणि कार्यक्रम ठरल्यापेक्षा दीड तास उशिरा संपला. शेवटच्या सत्राला मी मागे उभी राहून डोकी मोजली. ६० भरली. मुख्य प्रायोजक तर तोंड पाडून निघून गेले. अभिप्रायाच्या कागदांवर मात्र जवळजवळ सगळ्यांनी 'उत्तम' लिहिलंय! यंदा अध्यक्ष म्हणतात, दोन दिवसांची करू, ५०० लोक आणू, एखादा गाजलेला वक्ता बोलावू, म्हणजे लोक थांबतील. सभागृहाशी बोलणी सुरू आहेत. माझ्या पोटात गोळा आलाय. नाही म्हणण्याची माझी प्राज्ञा नाही आणि हो म्हणण्याची हिंमत होत नाही. परिषद नीट पार पाडण्याचं काही गमक आहे का?

डोकी मोजणारी सचिव

उत्तर:

डोकी मोजलीत हे फार बरं केलंत. त्या वेळी बहुतेक संयोजक व्यासपीठामागे वायरी गुंडाळत असतात, नाहीतर कुणा पाहुण्याला गाडीपर्यंत सोडायला गेलेले असतात. दुसऱ्या दिवशी मग अहवालात 'भरगच्च उपस्थिती' असं लिहून मोकळे होतात. तुमच्या हातात ६० हा खरा आकडा आहे. त्या सगळ्या 'उत्तम'पेक्षा मी त्याला जास्त किंमत देईन.

अध्यक्षांचं निदान असं, की वक्ता मोठा नव्हता म्हणून लोक गेले. मला तसं वाटत नाही. सकाळी पाऊण तास उद्घाटन लांबलं तेव्हाच सभागृहातल्या माणसाने मनाशी ठरवलं असणार की इथे घड्याळाला विचारत नाहीत, तेव्हा आपलं आपण बघावं. जेवणाच्या सुट्टीत तो गेला, एवढंच. १९० माणसांचा पाऊण तास म्हणजे १४२ तासांहून जास्त. आठ तासांचा दिवस धरला तर जवळपास १८ दिवसांचं काम. तुमच्या एखाद्या सभासदाच्या कारखान्यात एका सकाळीत एवढं काम वाया गेलं असतं तर चौकशी बसली असती. परिषदेत मात्र त्याला 'थोडा उशीर झाला' म्हणतात.

मी गेली वीसेक वर्षं परिषदा भरवायचं काम करते आहे आणि तुम्हाला देण्यासारखं माझ्याकडे एवढं एकच आहे: प्रत्येक मागणी माणसांच्या तासांत मांडून बघायची सवय. कुणी म्हणालं, 'फक्त दहा मिनिटं मनोगत व्यक्त करतो,' की मी कागदाच्या कोपऱ्यात २०० गुणिले दहा लिहिते. तेहतीस तास झाले. ह्या माणसाचं मनोगत सभासदांच्या तेहतीस तासांच्या मोलाचं आहे का? कधी कधी असतंही. मग मी दहाची पंधरा मिनिटं देते. पण बहुतेक वेळा नसतं, आणि आकडा कागदावर दिसला की नाही म्हणायला बळ येतं. तुमची प्राज्ञा नाही म्हणता ना, मग आकड्यालाच बोलू द्या.

उद्घाटनाबद्दल फार लिहीत नाही, कारण आपल्याला सगळ्यांना ते ठाऊक असतं आणि तरी आपण तेच करतो. नमनाला घडाभर तेल. स्वागत, प्रास्ताविक, संघटनेची वाटचाल, पाहुण्यांची ओळख, मग पाहुण्यांनी 'माझी एवढी मोठी ओळख करून दिल्याबद्दल' मानलेले आभार. वाटचाल छापील पत्रिकेत टाका, ओळखी दोन ओळींच्या करा, आणि पहिलं खरं सत्र ठरल्या वेळेनंतर पंधराव्या मिनिटाला सुरू झालंच पाहिजे असं धरून चाला. सभागृहात चाळीसच माणसं असली तरी सुरू करा. वेळेवर आलेल्या चाळिसांना उशिरा येणाऱ्यांसाठी ताटकळत ठेवलं, तर पुढच्या वर्षी तेही उशिरा येतील. आणि अध्यक्षांना आवरायचं कसं, हा तुमचा न विचारलेला प्रश्न. त्यांना वेळेचा प्रमुख करा. पहिल्या रांगेत बसवा, समोर मोठं घड्याळ ठेवा, हातात घंटा द्या. दुसऱ्याचं भाषण थांबवायची जबाबदारी ज्याच्यावर असते तो स्वतः पाच मिनिटांत आटपतो. हा उपाय मी तीनदा केलाय. दोनदा लागू पडला. तिसऱ्यांदा अध्यक्षांनी घंटा शेजाऱ्याच्या हातात दिली आणि पंचवीस मिनिटं बोलले.

आता ५०० माणसं आणि दोन दिवस. मोठं म्हणजे यशस्वी, ही समजूत ह्या धंद्यात फार जुनी आहे. कॉमडेक्स नावाचं संगणक व्यवसायाचं प्रदर्शन १९७९ मध्ये लास वेगासला सुरू झालं. भरात असताना तिथे दोन लाखांवर माणसं यायची. २००३ नंतर ते भरलंच नाही. मोठमोठ्या कंपन्यांनी आधीच अंग काढून घेतलं होतं, कारण त्या गर्दीत आपलं गिऱ्हाईक नेमकं सापडेना. उलट छोट्या भाषणांसाठी गाजलेली टेड परिषद बघा. १९८४ मध्ये रिचर्ड सॉल वुर्मन आणि हॅरी मार्क्स यांनी ती कॅलिफोर्नियात माँटेरेला पहिल्यांदा भरवली. सोनीची कॉम्पॅक्ट डिस्क तिथे दाखवली गेली, म्हणजे माल काही कमअस्सल नव्हता. तरी ती तोट्यात गेली आणि दुसरी परिषद व्हायला १९९० उजाडलं. म्हणजे कार्यक्रम उत्तम होऊनही तुमची संघटना सहा वर्षं हात चोळत बसू शकते. म्हणून आधी हे गणित मांडा: सभागृह, ध्वनी, छपाई हे जे कितीही माणसं आली तरी लागणारच ते एकीकडे, आणि दर माणशी लागणारा खर्च दुसरीकडे. शुल्कातून दर माणशी खर्च वजा केल्यावर जे उरतं त्याने पहिल्या रकमेला भागा. तेवढी माणसं आली की खर्च निघतो. माझा नियम असा, की हा आकडा अपेक्षित उपस्थितीच्या साठ टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचा नाही, आणि तो काढताना प्रायोजकांचा पैसा धरायचा नाही. प्रायोजकाचा धनादेश वटेपर्यंत तो प्रायोजक नसतो.

शुल्क म्हटलं की अध्यक्ष दचकतील. घ्याच. गेल्या वर्षी ३०० पैकी ११० आले नाहीत त्याचं कारण शोधायला दूर जायला नको. फुकट नोंदणीला एक बोट हलवावं लागतं आणि त्या दिवशी सकाळी कारखान्यात मशीन बंद पडलं की ती विसरली जाते. रक्कम अगदी किरकोळ असली तरी माणूस त्या दिवशीची दुसरी कामं बाजूला सारतो. सभासदांना ओशाळं वाटत असेल तर आलेल्याला ती पुढच्या वर्षीच्या वर्गणीत वळती करून द्या.

माझ्या मते यंदाही एकच दिवस आणि २०० ते २२० माणसं. गेल्या वर्षी जवळपास एवढी आली होतीच, ती संध्याकाळपर्यंत थांबवून दाखवणं हेच यंदाचं काम. खुर्च्याही २०० च मांडा, उरलेल्या मागे रचून ठेवा. माणसं वाढली तर स्वयंसेवक खुर्च्या आणतात तेव्हा आधी आलेल्यांना उगाच बरं वाटतं. ३०० खुर्च्यांत १९० माणसं बसवली की पहिल्या चार रांगा रिकाम्या राहतात आणि वक्त्याला आपण विहिरीत बोलतोय असं वाटतं.

गाजलेल्या वक्त्याला माझा विरोध नाही, पण तो लोकांना थांबवेल ही आशा सोडा. तो स्वतःच थांबत नाही. बोलायच्या दहा मिनिटं आधी येतो, पन्नास ठिकाणी झालेलं भाषण एकावन्नाव्यांदा करतो, फोटो होतात आणि जातो, त्याच्यापाठोपाठ सभागृहाचा एक भाग उठतो. एकदा आमच्या अशाच एका पाहुण्याचं विमान लेट झालं. सकाळचं मुख्य भाषण, पत्रिकेवर ठळक नाव, आणि व्यासपीठ रिकामं. मी सूत्रसंचालकाला खूण केली, 'बोलत राहा.' तो बिचारा चाळीस मिनिटं बोलत राहिला. शेवटी त्याने सगळ्यांना उभं करून हातपाय हलवायला लावले. सूट घातलेली अडीचशे माणसं हात वर करून उभी आणि मी दाराशी, जमीन दुभंगावी असं वाटत. तेव्हापासून प्रत्येक परिषदेत मी एक सत्र खिशात ठेवते: सभासदांपैकीच एक, कुठल्याही क्षणी वीस मिनिटं बोलायला तयार असलेला, स्लाइडशिवाय. गरज पडली नाही तर दुपारी त्याला बोलवायचंच, कारण बहुतेक वेळा दिवसातलं सर्वांत चांगलं भाषण त्याचंच निघतं. तुमच्या संघटनेत असा कुणीतरी आहे ज्याची मोठी ऑर्डर परत आली, जो बुडता बुडता वाचला आणि काय चुकलं ते सांगायला आता लाजत नाही. तो शोधा. टेडने भाषणाला १८ मिनिटांची मर्यादा घातली तिचा फायदा हाच, की माणसाला फाफटपसारा आधी घरीच टाकून यावं लागतं. तुम्ही वीस मिनिटं द्या.

परिसंवाद कमी करा. शक्य असेल तर एकच ठेवा. पंचेचाळीस मिनिटांत पाच वक्ते बसवले, त्यातली दहा मिनिटं ओळखीत आणि पाच प्रश्नांत गेली, तर प्रत्येकाच्या वाट्याला सहा मिनिटं येतात. सहा मिनिटांत माणूस फक्त मागच्याशी सहमत होऊ शकतो. आणि हे पाच जण का असतात? कुणालाही दुखवायचं नाही म्हणून. ही सरळ सरळ खोगीरभरती आहे. दोनच माणसं बसवा, ज्यांचं एकमेकांशी पटत नाही अशी, आणि मध्ये प्रश्न विचारणारा असा बसवा ज्याला त्या धंद्यातलं कळतं.

आता ज्यासाठी माणसं खरोखर येतात त्याकडे वळते. हॅरिसन ओवेन नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १९८३ मध्ये २५० जणांची एक आंतरराष्ट्रीय परिषद वर्षभर खपून भरवली. संपल्यावर सगळ्यांचं एकमत झालं, त्याचं स्वतःचंही, की सर्वांत उपयोगी भाग कॉफीच्या सुट्टीचा होता. वर्षभराच्या मेहनतीत ज्याच्यावर त्याने सर्वांत कमी डोकं चालवलं होतं तोच भाग! पुढे त्याने सहभागी माणसंच विषय ठरवतात अशी 'ओपन स्पेस' पद्धत काढली. तुम्ही तिथवर जायची गरज नाही, पहिल्या-दुसऱ्या वर्षी तर नकोच, गोंधळ होतो. पण सुट्टी हा कार्यक्रमाचाच भाग आहे असं धरा. पंधरा मिनिटांच्या सुट्टीत माणूस रांगेतून कप घेऊन बाहेर येईपर्यंत घंटा होते. सकाळी चाळीस मिनिटं द्या, दुपारी चाळीस मिनिटं द्या, आणि मागचं सत्र लांबलं तर सुट्टी कापायची नाही. पुढचं सत्र कापा. हे एवढं जरी पाळलंत तरी गेल्या वर्षीपेक्षा वेगळी परिषद होईल.

नुसता वेळ दिला म्हणून लोक बोलतात असं नाही. ओळखीचे ओळखीच्यांतच घोळका करतात आणि नवखा माणूस खांबाला टेकून फोन बघत राहतो. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाचा १९७३ चा एक गाजलेला निबंध आहे. नोकरी बदललेल्या काही लोकांना त्यांनी विचारलं होतं, की ही नोकरी तुम्हाला कुणाकडून कळली? ओळखीतून कळलेल्यांपैकी जेमतेम १७ टक्क्यांना ती नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. बाकीच्यांना अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्याकडून. कारण उघड आहे: रोज भेटणाऱ्याला जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतं. म्हणजे तुमच्या परिषदेतला सर्वांत किमती माणूस खांबाला टेकलेला आहे आणि त्याच्याशी कुणी बोलत नाहीये.

ह्यासाठी मी दोन गोष्टी करते. पहिली म्हणजे संघटनेतले सात-आठ बोलके सभासद निवडून त्यांना एकच काम देते: सुट्टीत एकटा उभा दिसला की त्याला तिसऱ्या कुणाकडे तरी घेऊन जायचं. स्वतः गप्पा मारत बसायचं नाही. दुसरी गोष्ट बॅज.

बॅजबद्दल मी जरा विक्षिप्त आहे, सांभाळून घ्या. बॅजवर संघटनेचं बोधचिन्ह सर्वांत मोठं असतं, त्याखाली परिषदेचं नाव, मग प्रायोजकाचं चिन्ह, आणि तळाशी मुंगीच्या अक्षरात माणसाचं नाव. आपण कुठल्या परिषदेत आहोत हे आलेल्या माणसाला ठाऊक असतं हो! त्याला समोरच्याचं नाव हवं असतं, तेही छातीवर वाकून न बघता. पहिलं नाव दोन मीटरवरून वाचता येईल एवढं मोठं, त्याखाली आडनाव आणि उद्योग, आणि दोन्ही बाजूंना तेच छापायचं, कारण दोरीला अडकवलेला बॅज फिरतो आणि हमखास कोरी बाजू पुढे येते. तिसऱ्या ओळीत मी एक वाक्य घेते. नोंदणीच्या अर्जातच विचारते, 'तुम्हाला कशाबद्दल विचारलं तर सांगायला आवडेल?' लोक लिहितात: निर्यातीची कागदपत्रं, जुनं मशीन विकणं, भावाशी भागीदारी. ह्या शेवटच्या बॅजवाल्या गृहस्थांभोवती आमच्याकडे एकदा एवढा घोळका जमला की पुढचं सत्र दहा मिनिटं अर्ध्या सभागृहावर सुरू झालं. घंटावाले अध्यक्ष रागावले. मी मनातून खूश.

त्या बॅजच्या टेबलापाशी सकाळी काय होतं तेही बघून ठेवा. साडेआठपासून स्वयंसेवक बसलेत, पाऊण तास कुणी फिरकत नाही, आणि सव्वानऊला एकदम लोंढा येतो. स्वयंसेवक यादीवर बोट फिरवतोय. यादी नावाने लावलीय की आडनावाने हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. समोरचा माणूस टेबलावर ओणवा होऊन उलटी यादी वाचतोय आणि स्वतःचं नाव स्वतःच शोधून देतोय. माणशी एक मिनिट धरलं तर दोन टेबलांवर १९० माणसांना ९५ मिनिटं लागतात. तुमचं उद्घाटन का लांबलं ह्याचं अर्धं उत्तर इथेच असेल, मी पैजेवर सांगते. आडनावाच्या आद्याक्षरांप्रमाणे चार टेबलं, बॅज आधीच ओळीने मांडून ठेवलेले, माणशी तीस सेकंद, की तेच काम चोवीस मिनिटांत उरकतं. आणि पाचवं टेबल थोडं लांब, ज्यांचं नाव सापडत नाही, स्पेलिंग चुकलंय किंवा ऐनवेळी भाऊच आलाय, त्यांच्यासाठी. तिथे तुमचा सर्वांत शांत माणूस बसवा.

प्रायोजकांचं काय बिनसलं ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण अंदाज करते. स्टॉल बोळात होता आणि भाषणाची वीस मिनिटं दिली होती, ज्यात लोकांनी फोन बाहेर काढले. प्रायोजकाला वाटतं आपल्याला व्यासपीठ हवंय. खरं तर त्याला गिऱ्हाईक हवं असतं. त्याचं भाषण काढून टाका आणि चहाची टेबलं त्याच्या स्टॉलशेजारी हलवा. त्याच्या क्षेत्रातली खरीखुरी अडचण असलेले दहा सभासद आधीच शोधून त्यांना त्याच्यासोबत अर्धा तास बसवा. परिषद संपल्यावर आठवडाभरात त्याला भेटलेल्यांची यादी द्या. पण संपर्क द्यायची परवानगी अर्जात वेगळ्या चौकटीत आधी मागितलेली असली पाहिजे, आणि त्या चौकटीत आधीपासून खूण करून ठेवलेली नको. सभासदांचे नंबर परस्पर वाटले तर पुढच्या वर्षी खोटे नंबर मिळतात.

तांत्रिक बाजू नशिबावर सोडू नका. नशीब मोठमोठ्यांनाही सोडत नाही. १९९८ मध्ये शिकागोच्या कॉमडेक्समध्ये बिल गेट्स व्यासपीठावर असताना विंडोज ९८ चं प्रात्यक्षिक कोसळलं आणि भल्यामोठ्या पडद्यावर संगणक बंद पडल्याची ती निळी पाटी झळकली. २०१० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला नवा आयफोन दाखवताना स्टीव्ह जॉब्जचं पान उघडेना. सभागृहातल्या लोकांनीच पाचशेहून जास्त वायफाय चालू केली होती. शेवटी त्यांनाच ती बंद करायची विनंती करावी लागली. त्याच शहरात १९६८ च्या डिसेंबरमध्ये संगणक-संशोधक डग्लस एंगलबार्ट यांनी दीड तास माऊस, दुवे (लिंक) आणि पडद्यावरचा व्हिडिओ संवाद असं सगळं जगाला पहिल्यांदा एकत्र दाखवलं. संगणक होता सुमारे पन्नास किलोमीटरवरच्या प्रयोगशाळेत. ते पार पडलं, कारण खास त्याच कामासाठी उभारलेली जोडणी होती आणि ती सांभाळायला पडद्यामागे बिल इंग्लिश आणि त्यांची माणसं बसली होती. सभागृहाच्या फुकट वायफायवर कुणी विसंबलं नव्हतं. तुम्हीही विसंबू नका. सगळ्या स्लाइड आदल्या दिवशी घ्या, एकाच लॅपटॉपवर ठेवा, आणि वक्त्याचा लॅपटॉप ऐनवेळी जोडायचा नाही हे निमंत्रणातच लिहा. पडद्याच्या लांबी-रुंदीचं प्रमाणही वक्त्यांना आधी कळवा, नाहीतर कडेचे आकडे कापले जातात.

आणि माईक. 'मला माईक लागत नाही, माझा आवाज खणखणीत आहे' असं म्हणणारा एक प्रत्येक सभागृहात असतो. त्याला माईक द्याच. मागे बसलेल्या कमी ऐकू येणाऱ्या माणसाला हात वर करून तसं सांगायची लाज वाटते. प्रश्नांसाठी दोन फिरते माईक ठेवा आणि ते स्वयंसेवकाने हातात धरायचे, प्रश्नकर्त्याकडे सोपवायचे नाहीत. सोपवला की प्रश्नाचं भाषण होतं.

शेवटच्या सत्राकडे येते, कारण तुमचं दुखणं तिथे आहे. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना एकदा मिनिटभर चांगल्याच गार पाण्यात हात धरायला लावला. दुसऱ्यांदा तेच मिनिट आणि वर आणखी अर्धं मिनिट, पण त्या अर्ध्यात पाण्याचा गारवा किंचित कमी करत नेला. परत कुठला करायचा विचारलं तर बहुतेकांनी लांबचा निवडला. त्रास जास्त, पण शेवट बरा होता. तुमच्या लोकांना गेल्या वर्षीचा शेवट म्हणून काय मिळालं? रिकाम्या खुर्च्यांसमोर वाचलेली आभाराची यादी. यंदा आभार दुपारीच उरकून घ्या, सगळे जागेवर असताना, म्हणजे ज्यांचे मानायचे त्यांनाही ते ऐकू जातील. शेवटी खिशातला तो सभासद ठेवा, आणि पत्रिकेवर साडेचार लिहिलंय ना, तर चार पंचवीसला संपवा. पाच मिनिटं आधी सोडलेली माणसं दाराबाहेर तासभर बोलत उभी राहतात, हे मी अनेकदा पाहिलंय.

अभिप्रायाचे कागद बंद करा. समोर स्वयंसेवक उभा असताना कोण वाईट लिहिणार? त्याऐवजी दोन आठवड्यांनी पंधरा जणांना फोन करा. त्यातले पाच तरी मधूनच निघून गेलेले असू द्या. एकच प्रश्न: 'त्या दिवशी भेटलेल्यांपैकी नंतर कुणाला फोन केलात का?' केला असेल तर कशासाठी. ही पंधरा उत्तरं घेऊन अध्यक्षांकडे जाता येतं. गेल्या वर्षीच्या लोकांना आजही विचारता येईल. मी तुमच्या जागी असते तर ह्याच आठवड्यात विचारलं असतं, म्हणजे दोन दिवस की एक ह्या वादात तुम्हाला स्वतःचं मत सांगावंच लागणार नाही.

राहिलं सभागृह. बोलणी सुरू आहेत म्हणता, सही झाली आहे असं म्हणत नाही, म्हणून हे घाईने लिहिते. करारात दोन जागा शोधा. एक, किमान किती माणसांचे पैसे भरायची हमी तुम्ही देताय आणि तो आकडा शेवटचा कळवायची तारीख कुठली. ५०० ची हमी देऊन १९० आले तरी बिल ५०० चंच येतं. दोन, रद्द केल्यास किती दिवस आधी किती रक्कम बुडते, आणि कुणाच्याच हातात नसलेल्या कारणासाठी काय सवलत आहे. २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे बार्सिलोनाची मोबाईल वर्ल्ड काँग्रेस, म्हणजे मोबाईल उद्योगाचा मोठा मेळावा, जिथे दरवर्षी लाखभर लोक जातात, सुरू व्हायला बारा दिवस उरले असताना रद्द झाली. आधी एकेक कंपनी गळत गेली, मग आयोजकांनी हात टेकले. एवढ्या मोठ्यांवर ही वेळ येते, तर आपल्यावर येणार नाही असं समजू नका. हमी १५० ची द्या आणि वाढवायची मुभा ठेवा. सभागृहाचा माणूस कुरकुर करेल, पण बहुतेक वेळा मान्य करतो, रिकाम्या सभागृहाचं त्यालाही काही मिळत नाही. तो तयार नसेल तर मला कळवा, आणि कळवण्याआधी सही करू नका.